कीस

सराफ्यात दिवसा सोन्याचा कीस,
रात्री भुट्ट्याचा.
ओटा तोच. मधे फक्त एक झाडू.

तो झाडू माझा.
टंकसाळ्यांच्या माडीवर संध्याकाळी सातला
मी गोणपाट झटकते,
फरशीच्या खाचांतली धूळ कुंचल्याने ओढून
कागदावर घेते:
सोनं, कानशीचं झिजलेलं लोखंड,
करवतीच्या पात्याचे तुकडे,
तपनच्या बिडीची राख, एखादा केस.

मग पूर्वी काका खिशातून काढायचे
जेल रोडवरून आणलेलं,
फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबकाचं काळं कडं.
आधी त्याला दुधाची रिकामी पिशवी घालायचे.
"उघडं फिरवू नको, मंदाकिनी.
अंगाला धरलेलं मग सोडत नाही."

कागदावरून हात फिरतो बोटभर उंचीवरून
आणि लोखंड उठतं.
शिवण्याआधीच उठतं.
बावीस वर्षं बघते आहे,
त्या बोटभर रिकाम्या जागेत काय आहे
ते अजून दिसलेलं नाही.
सोनं पडून राहतं,
पंगतीचं बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखं.

काका चौथी शिकलेले. पण सांगायचे,
लोखंडाच्या पोटात मोहल्ले असतात.
मल्हारगंज, छावणी, जुनी इंदौर.
एका मोहल्ल्यात सगळ्यांची तोंडं एकीकडे,
पण मोहल्ल्या-मोहल्ल्यांचं पटत नाही,
म्हणून अख्ख्या गावाला तोंडच नाही.
चुंबक आला की सगळे त्याच्याकडे वळतात.
तो गेला की मऊ लोखंड विसरून जातं.
पोलाद डूख धरतं.

एकदा सुई घेतली त्यांनी.
कड्यावरून नेली, उचलली, पुन्हा नेली.
"परतताना घासलीस तर केलेलं पुसलं जातं."
चाळीस वेळा.
थर्माकोलच्या चकतीवर ठेवून वाडग्यात सोडली.
डुलली, फिरली, थांबली:
टोक उज्जैनकडे.
मी म्हटलं, महाकालाला निघाली.
"देवाला कसली? पृथ्वीच चुंबक आहे.
मोठं, पण आळशी."
मग चिमट्यात धरून फुंकणीची आग दिली,
नारिंगी होईतो.
गार करून परत पाण्यात.
आता ती बघत होती वाडग्याच्या काठाकडे,
ढकलली तर माझ्याकडे,
ढकलली तर भिंतीकडे.

देवासच्या एक बाई आईच्या पाटल्या घेऊन आल्या.
कडं जवळ नेलं आणि पाटली हलली.
बाईंनी पदर तोंडाला लावला.
काका म्हणाले, थांबा, चापात पोलादी स्प्रिंग आहे.
होतीच. बाकी सोनं खरं.
आणि दिवाळीत एक गृहस्थ आले,
त्यांच्या पाटल्या जागच्या ढळल्या नाहीत.
कापल्या तर आत तांबं.
न चिकटणारं सगळंच सोनं नसतं,
हे त्या दिवशी काका बोलले नाहीत.
नुसतं कडं पिशवीत घातलं.

गेल्या वर्षी ते जिन्यावरून पडलं. दोन तुकडे.
मला वाटलं, एकाकडे उत्तर गेली, एकाकडे दक्षिण.
छे. दोघांकडे दोन्ही.
तुटलेल्या कडा होत्या तशा जुळवायला गेले
तर हातातून ढकलत होते एकमेकांना.
काल एकत्र होते!
एक पालथा केला,
तेव्हा खट्कन बसले.
काकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं
आणि चहा मागवला.

एक तुकडा आता खालच्या गाळ्यात,
त्यांच्या भावाकडे. चौदा वर्षं बोलणं नाही.
मीच नेऊन दिला. "किती द्यायचे?" विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, वाटणीतला आहे.

आज धूळ पुडीत बांधली. शटर ओढलं.
ओट्यावर गराडूवाल्याने कढई मांडली आहे,
तिच्याजवळून जाताना
माझी पिशवी आपोआप कलली.
तो ओरडला, "दीदी, संभल के!"
तेल तापायचं होतं अजून.